'सकाळी बघू' म्हणण्याआधी

कुत्र्याने ताटाला तोंड लावले नाही किंवा मांजर कपाटामागे जाऊन बसले, की घरात कुणीतरी म्हणतेच, 'सकाळी बघू'. या बोलण्यात हेळसांड असते असे नाही. स्वतःच्या दुखण्याबाबतही आपण हेच म्हणतो आणि बहुतेक वेळा निभावूनही जाते. पण माणूस रात्री दोन वाजता उठून 'आता सहन होत नाही' असे सांगू शकतो. जनावराला ते सांगता येत नाही, शिवाय दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच असतो. म्हणून पाळीव प्राण्याच्या बाबतीत 'सकाळी बघू' म्हणण्याआधी दोन-चार गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, आणि ही तपासणी डॉक्टरची नसून घरच्यांची आहे, असे माझे म्हणणे आहे. ग्वाल्हेरला रात्रीची पशुवैद्यकीय सेवा अपुरी आहे ही तक्रार रास्त आहे, तिच्याकडे पुढे येतोच. मात्र जिथे दवाखान्यांची ददात नाही अशा देशांतूनही जे अभ्यास आले आहेत, ते दवाखान्यात पोचण्यापूर्वीच्या तासा-दीड तासाकडेच बोट दाखवतात.

उष्माघाताचेच घ्या. ग्वाल्हेरकरांना लू म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो, फूलबागेजवळच्या गांधी प्राणी उद्यानात वाघांच्या पिंजऱ्यांपुढे कूलर लागतात आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्याच शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हस्की पाळलेला असतो आणि शेजारच्या गल्लीत चपट्या नाकाचा पग धापा टाकत असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो मुख्यतः धाप टाकून, जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून बाहेर टाकतो. पग, शिह त्झू, बुलडॉग या जातींचा श्वासमार्गच आखूड आणि अरुंद असल्याने त्यांची ही यंत्रणा जन्मतःच अधू. आणखी एक गोष्ट इथल्या लोकांच्या लक्षात येत नाही. मे महिन्यातली कोरडी हवा निदान ओलावा तरी उडू देते. जुलैत पहिला पाऊस पडून गेला, उमस वाढली, की तापमान दहा अंशांनी उतरलेले असूनही कुत्र्याची धाप वाया जाते. ज्या कारणाने पावसाळ्यात आपले कूलर नुसते दमट वारे फेकतात, तेच कारण इथेही आहे. तेव्हा 'आता ऊन उतरलं, काही होत नाही' ही समजूत बिनबुडाची. कुत्र्याच्या अंगाचे तापमान एरवी 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. ते 105-106 च्या वर गेले, की आतड्यांची आतली त्वचा, मूत्रपिंडे, रक्त गोठण्याची यंत्रणा, मेंदू असे एकेक बिघडू लागते. ही बिघाडाची साखळी घड्याळावर चालते, आणि तिला सकाळपर्यंत थांबवून ठेवण्याची सोय नाही.

इस्रायलमधल्या एका पशुवैद्यकीय शिक्षण रुग्णालयाने 1999 ते 2004 या काळात उष्माघाताने आणलेल्या 54 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यातले निम्मे दगावले. मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या बाबींत एक होती दवाखान्यात पोचायला दीड तासाहून जास्त लागणे, दुसरी लठ्ठपणा. ब्रिटनमध्ये 2016 ते 2018 मधल्या उष्णतेच्या रुग्णांवरचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे, की दवाखान्यात नेण्याआधी घरच्यांनी अंग थंड केले होते अशी कुत्री पाचातले एक, फार तर थोडी जास्त. म्हणजे जिथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत, त्या देशातही मालकाची पहिली हालचाल गाडीच्या किल्लीकडे होते, पाण्याकडे होत नाही. तिथल्याच आधीच्या एका अभ्यासात उष्माघाताच्या सुमारे तीन-चतुर्थांश घटनांमागे चालणे-पळणे-खेळणे होते, बंद गाडीत कोंडल्याच्या घटना त्यामानाने थोड्या. कुत्र्याला संध्याकाळी पाच वाजता, तापलेल्या डांबरावर, 'रोजचा नेम मोडायला नको' म्हणून फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आधी पाणी, मग गाडी, असा क्रम आता पशुवैद्यक सांगतात. पण ग्वाल्हेरात या पाण्याचीही एक गोम आहे. दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारे पाणी हात भाजेल इतके गरम असते. ते धाप लागलेल्या कुत्र्यावर सोडले तर उपायच अपाय व्हायचा. खालच्या टाकीतले, घरात भरून ठेवलेल्या बादलीतले किंवा माठातले पाणी घ्यावे, ते पोटावर, काखेत, मांड्यांच्या आत, तळव्यांवर ओतत राहावे आणि वर पंखा लावावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण काही मिनिटांत तो टॉवेल स्वतःच गरम होतो आणि वारा लागू देत नाही. शुद्ध असेल तर पाणी प्यायला पुढे ठेवावे, बेशुद्ध जनावराच्या तोंडात मात्र कधीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. पाच-दहा मिनिटे असे थंड करून मग निघावे, वाटेत गाडीच्या काचा खाली किंवा एसी चालू ठेवावा. धाप थांबून कुत्रा 'शांत झोपला' म्हणून घरीच थांबणे ही सर्वांत घातक चूक. ती शांतता कित्येकदा बरे वाटल्याची नसते. कोसळण्याआधीची असते.

जनावर दुखणे लपवते हे वर म्हटले. त्याचा दाखला याच मुलुखात, श्योपूर जिल्ह्यातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात मिळतो. 2023 च्या पावसाळ्यात तिथे तेजस आणि सूरज हे दोन चित्ते जुलैत आणि एक मादी ऑगस्टच्या सुरुवातीला मेली. रेडिओ कॉलरखाली, दाट केसांच्या आत जखमा झाल्या, दमट हवेत त्यांवर माश्या बसल्या, अळ्या पडल्या आणि विषार रक्तात भिनला. या प्राण्यांच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारे यंत्र होते, मागावर पथके होती, हाताशी पशुवैद्यक होते आणि साऱ्या देशाचे लक्ष त्यांच्यावर होते. तरी केसांखाली काय चालले आहे ते वेळेवर कळले नाही. मग आपल्या पॉमेरेनियनच्या शेपटीखाली किंवा पर्शियन मांजरीच्या गळपट्ट्याखाली पावसाळ्यात काय चालले आहे, ते केस बाजूला केल्यावाचून आपल्याला कळेल असे मानणे धाडसाचे आहे. रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी आधी मारला जातो. घरात पिढ्यान्‌पिढ्या दूध-पोळी खाऊनही ती सवय गेलेली नाही. मांजरात तर ती कुत्र्याहून पक्की. म्हणून 'तो ओरडत नाही म्हणजे दुखत नसेल' हा तर्क टाकून द्यावा लागतो आणि दुसऱ्या खुणा शिकाव्या लागतात.

या खुणांना यंत्र लागत नाही. जनावराचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचलावा आणि हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली तर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. हिरडी पांढरीफटक दिसली तर आत रक्तस्राव होतो आहे किंवा रक्ताभिसरण ढासळले आहे असे समजावे. गोचीड-तापात रक्तपेशी फुटूनही तसेच होते, आणि त्यात लघवी काळ्या चहासारखी येऊ लागली तर रात्र काढू नये. निळसर हिरडी म्हणजे प्राणवायू कमी, विटेसारखी लाल हिरडी उष्माघातात दिसते, पिवळी दिसली तर यकृताकडे किंवा रक्ताकडे संशय जातो. ज्यांची हिरडी मुळातच काळी असते त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. दुसरी खूण श्वासाची. गाढ झोपलेल्या कुत्र्या-मांजराचे श्वास मिनिटाला साधारण तीसच्या आत असतात. मोबाइलवर मिनिट लावून बरगडी वर-खाली होताना मोजावे. गार जागी झोपेतही हा आकडा तीसच्या वर राहू लागला तर हृदय किंवा फुप्फुसाची तक्रार असू शकते, त्याच दिवशी फोन करावा. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसूच नये, थेट निघावे. मात्र हा खटाटोप निरोगी दिवशी एकदोनदा केलेला असला तरच उपयोगी पडतो, एरवीचा रंग ठाऊक नसेल तर बिघडलेला कसा ओळखणार? शिवाय ज्याला रेबीजची लस नाही, जो अचानक पिसाळल्यासारखा वागतो, ज्याची लाळ गळते आहे आणि ज्याला गिळता येत नाही, अशा जनावराच्या तोंडाजवळ हात नेऊ नये.

सर्वांत जास्त गफलत होते ती बोक्याच्या बाबतीत, म्हणून तिथे थोडे थांबतो. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुनःपुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, केविलवाणे ओरडतो, मागची बाजू चाटत राहतो. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले. कुणी एरंडेल देते, कुणी दूध. प्रत्यक्षात बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते आणि बारीक खड्यांनी किंवा चिकट गोळ्याने ती तुंबलेली असते. लघवी बाहेर पडेना झाली की रक्तातले पोटॅशियम चढू लागते आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. ट्रेमधली वाळू ओली झाली आहे का, एवढे एकच पाहिले तरी पुष्कळदा उलगडा होतो. वाळू कोरडी आणि बोका कुंथतो आहे, तर रात्री बारा वाजताही डॉक्टरचे दार ठोठावावे. कुत्र्यांत याच तोडीची तातडी म्हणजे जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या जातींत जठराला पीळ पडणे. पोट ढोलासारखे ताठ, उलटीचा उमाळा येतो पण फेसाखेरीज काही पडत नाही, कुत्रा एका जागी उभा राहू शकत नाही. याला 'गॅस झाला' म्हणून ओवा-हिंग देत बसणे म्हणजे शस्त्रक्रियेचे तास घालवणे. लस न झालेल्या पिलाला रक्ताची हगवण, लागोपाठ आकडी येणे, पावसाळ्यात सापाचा दंश, गाडीची धडक लागूनही वरवर ठणठणीत दिसणारा कुत्रा, यांत विचार करत बसू नये, लगेच निघावे.

घरगुती उपायांचा पक्ष घेणारे म्हणतील, की आजीच्या काळी कुठे होते डॉक्टर, तेव्हाही जनावरे जगलीच. जगली ती आपल्याला आठवतात, मेलेल्यांची कुणी वही ठेवली नव्हती. आणि आजीच्या घरात पॅरासिटामॉलची पट्टीही नव्हती. माणसाच्या तापावरची ती साधी गोळी मांजराचे यकृत पचवू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच जाते आणि एका गोळीने मांजर मरू शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. शिऱ्यातले बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडवतात. गोठ्यासाठी मिळणारे गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून मांजराला चोळण्याने तर भलताच अनर्थ होतो. विष पोटात गेल्यावर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्या मिठानेच मेंदूला अपाय होऊ शकतो, आणि ॲसिड गिळलेले असेल तर उलटीने दुसऱ्यांदा भाजते, रॉकेल असेल तर ते फुप्फुसात जाऊ शकते. उंदराच्या विषाचा एक प्रकार असा आहे, की तो खाल्ल्यावर कुत्रा तीन-चार दिवस हसतखेळत असतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. म्हणून विषाचे रिकामे पाकीट सापडले तर लक्षणांची वाट न पाहता ते पाकीटच घेऊन डॉक्टरकडे जावे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. अशा यादीने माणसे घाबरतील, प्रत्येक शिंकेला धावत सुटतील, खर्च वाढेल आणि डॉक्टरही वैतागतील, असे कुणी म्हणाले तर त्यात तथ्य नाही असे नाही. पण घबराट आंधळेपणातून येते. ज्याला हिरडीचा रंग आणि श्वासांचा आकडा ठाऊक आहे, त्यालाच धीर धरता येतो. एकदा उलटी झाली, हिरडी गुलाबी आहे, कुत्रा पाणी पितो आहे, शेपूट हलवतो आहे, तर खुशाल सकाळी बघावे. फोनवर 'तो कसंतरी करतोय' याऐवजी 'हिरडी पांढरी आहे, मिनिटाला साठ श्वास, दोन तासांपूर्वी जिन्यावरून पडला' असे सांगितले, तर डॉक्टरलाही अंथरुणातून उठायचे की नाही ते ठरवता येते. आणि खर्चाचे म्हणाल, तर तुंबलेला बोका पहिल्या दिवशी आणला तर लागतो त्याच्या कितीतरी पट खर्च तो तिसऱ्या दिवशी आणल्यावर होतो, आणि हाती काही लागेल याची खात्रीही उरत नाही.

आता डॉक्टर उठतो की नाही, या प्रश्नाकडे. मध्य प्रदेशातली पशुवैद्यकीय महाविद्यालये जबलपूर, महू आणि रीवा इथे आहेत. ग्वाल्हेरात कृषी विद्यापीठ आहे, पण पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले मोठे शिक्षण रुग्णालय नाही. तसे जवळचे म्हणजे परराज्यातले मथुरा, दीडशेहून अधिक किलोमीटरवर. 1962 या क्रमांकावर येणारी फिरती चिकित्सा वाहने मध्य प्रदेशात मे 2023 मध्ये सुरू झाली, चारशेहून अधिक. ती चांगलीच योजना आहे. पण एक लाख पशुधनामागे एक गाडी, तीत एक डॉक्टर, एक सहायक आणि चालक, अशी तिची आखणी मुळात गोठ्यातल्या गाई-म्हशींसाठी केलेली आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गल्लीत रात्री दीड वाजता जठराला पीळ पडलेल्या कुत्र्यावर ती गाडी शस्त्रक्रिया करील, ही अपेक्षाच चुकीची. आणि विरोधाभास पाहा, या शहरापासून तीसेक किलोमीटरवर, झाशीच्या रस्त्याला, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र 1970 पासून चालू आहे. देशभरातल्या पोलिसांची कुत्री आणि त्यांचे हँडलर तिथे तयार होतात. अलीकडे मुधोळ हाउंडसारख्या आपल्या देशी जातीही तिथे घडवल्या जात आहेत. रोज कुत्र्याचे अंग चाचपणे, तळवे, कान, दात पाहणे हा हँडलरच्या कामाचाच भाग असतो, त्याला कुणी लाड म्हणत नाही. कुत्रा कसा पाहावा याचे देशातले उत्तम ज्ञान ग्वाल्हेरच्या वेशीवर आहे, आणि ते शहरातल्या घरांत पोचलेले नाही.

'माणसांनाच इथे खाट मिळत नाही, कुत्र्यांचे काय घेऊन बसलात' असे म्हणणाऱ्यांना सांगायचे ते इतकेच, की या लेखात मागितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना सरकारी पैसा लागतच नाही. हिरडी पाहायला लागत नाही, टाकीचे पाणी हाताला लावून पाहायला लागत नाही. राहिला कर्तव्याचा भाग. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या हिताची वाजवी काळजी घ्यावी आणि नाहक वेदना टाळाव्यात, असे बजावते. 2014 च्या नागराजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेदना आणि रोगांपासून मुक्ततेचाही उल्लेख केला आहे. हौसेने जनावर घरात आणणाऱ्यावर हे बंधन आपसूक येते, त्याला रुग्णालयातल्या खाटांची टंचाई हे उत्तर होत नाही.

सार्वजनिक व्यवस्थेकडे मागणे आहे ते माफक. शहरातल्या खाजगी पशुवैद्यांनी आपसांत पाळ्या लावाव्यात, आठवड्यातून एक रात्र एकाची, आणि महापालिकेने त्या रात्रीचा फोन नंबर रोज जाहीर करावा. रात्रीची फी दिवसाच्या दुप्पट असली तरी कुणी तक्रार करू नये, ती न ठरवल्यामुळेच डॉक्टर फोन बंद करून झोपतात. दवाखान्यात प्राणवायूचे एक सिलिंडर, सलाइन, बोक्याच्या मापाची लघवी काढायची नळी आणि सर्पविषावरचे प्रतिविष रात्रीही हाताशी आहे का, एवढे पाळीच्या डॉक्टरने पाहावे. पाळीव कुत्र्यांची नोंदणी महापालिका करून घेतेच, त्या पावतीच्या मागे पाळीचा नंबर आणि हिरडीच्या रंगांचा छोटा तक्ता छापायला शाई कितीशी लागणार? टेकनपूरच्या केंद्राने वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुरुवातीला, लू सुटायच्या आत, फूलबागेत दिवसभराचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि हँडलरांनी लोकांच्या हातून त्यांच्याच कुत्र्यांची तपासणी करून घ्यावी. यंदाचा एप्रिल हुकला तर उमस सुरू होण्याआधीचा जूनचा मध्यही चालेल.